मागची सीट: रिकामी

विश्वास ठेवा किंवा ठेवू नका, पण हे घडलंय. माझ्या सख्ख्या मावशीच्या बाबतीत घडलंय. मावशी थाप मारायला लागली की तिचे कान लाल होतात. हे सांगताना झाले नाहीत.

रात्र नव्हती. मंगळवार होता, दुपारचे तीन. निवृत्त सैनिकी अधिकाऱ्यांच्या सेवानोंदी ठेवणारं ऑफिस, तळमजल्यावरची मागची खोली.

मावशीचं काम नोंदींतल्या चुका सुधारायचं. कुणाची जन्मतारीख चुकलेली, कुणाच्या आडनावातली वेलांटी उलटी. ऑफिसात तिला 'खोडरबर' म्हणायचे. गंमत म्हणजे तिथे खोडायला बंदीच होती. चुकीवर लाल शाईची एक रेघ मारायची, शेजारी बरोबर ते लिहायचं, सही करायची.

त्या दुपारी एक म्हातारा वैमानिक आला. कडक इस्त्री, गोड बोलणं. वरच्या साहेबांची चिठ्ठी घेऊनच आला होता. खुर्चीत बसला, पण पाठ काही टेकेना.

"बाई, माझ्या उड्डाणांच्या वहीत सात चुका आहेत. तेवढ्या दुरुस्त करा, म्हणजे मी सुटलो."

मावशीनं वही उघडली. दोन सीटचं विमान. पुढे हा, मागे याचा जोडीदार. मग एका तारखेला अपघात. हा पॅराशूटनं वाचला, जोडीदार गेला. पण त्यानंतरच्या सात उड्डाणांत, मागच्या सीटच्या रकान्यात...

त्याच जोडीदाराचं नाव.

अक्षर वैमानिकाचंच.

"मेलेला माणूस सात वेळा कसा उडाला, सर?"

"सीट रिकामी होती. मी 'रिकामी' असंच लिहायला घ्यायचो." त्याचा आवाज खाली गेला. "हात त्याचं नाव लिहायचा. मग मी उडणंच सोडलं. पण तो अजून माझ्या पाठीमागे बसतो. प्रत्येक खुर्चीत. चाळीस वर्षं झाली."

ते नाव तिच्या ओळखीचं होतं. त्या जोडीदाराची बहीण दरवर्षी ऑफिसला पत्र लिहायची. अपघाताच्या अहवालात म्हटलं होतं की जोडीदार घाबरला आणि त्याच्या चुकीमुळे विमान पडलं. माझा भाऊ घाबरणारा नव्हता, पुन्हा तपासा, एवढंच ती मागायची. आणि दरवर्षी मावशी तेच उत्तर टाइप करायची: 'नोंदीत चूक आढळली नाही.' अकरा वर्षं. एकदाही अहवाल न उघडता.

"खरं काय झालं होतं?" तिनं विचारलं.

म्हातारा चक्क हसला. "विमान मी पाडलं. तो मागून ओरडत होता, 'सर, पट्टा अडकलाय, थांबा.' मी नाही थांबलो, उडी मारली. अहवाल मीच दिला. मेलेला काय उलटून बोलणार?"

"मग हे लेखी द्या. त्याचं नाव आजच्या आज साफ होईल."

बहिणीला पाठवलेल्या उत्तरांच्या प्रती वहीसोबतच्या फाइलीतच होत्या. त्यानं मावशीच्या सह्यांवर बोट ठेवलं. "आणि या अकरा उत्तरांचं काय करायचं, बाई? चौकशी लागली तर दोघंही गोत्यात. सात रेघा मारा आणि घरी जा."

मावशीची निवृत्ती चार महिन्यांवर होती.

तिनं लाल पेन उचललं.

पहिली रेघ. 'रिकामी'. सही.

पंखा फिरत होता, पण त्याचा आवाज येईनासा झाला...

दुसरी. तिसरी. बाहेरचं टायपिंग, जिन्यावरच्या चपला... सगळं बंद.

चौथ्या रेघेला मागून आवाज आला.

खट्...

बक्कल ओढून बघितल्याचा. तिच्या पाठीशी भिंत होती. मध्ये वीतभर जागा.

पाचवी. खट्... खट्...

सहाव्या रेघेला मानेवर श्वास लागला. गरम. रॉकेलचा वास येणारा...

समोर म्हाताऱ्याचे खांदे सैल पडत चालले होते. मावशीला थांबता आलं असतं. ती स्वतःच तसं म्हणते.

तिनं सातवी रेघ मारली.

वैमानिकानं पाठ टेकली. डोळे मिटले. बसल्या जागी घोरायला लागला.

आणि मावशीच्या कानाशी, अगदी आदबीनं, एक तरुण आवाज म्हणाला...

"मॅडम... पट्टा अडकलाय."

म्हातारा झोप काढून उठला, आभार मानले आणि शीळ घालत गेला. अजून ठणठणीत आहे. मला सगळ्यात जास्त संताप त्याचाच येतो.

मावशीला आठवडाभरही सोसलं नाही. अहवाल पुन्हा उघडायचा तर वैमानिकाचा नाहीतर मृताच्या सख्ख्या नातेवाइकाचा अर्ज लागतो. वैमानिक फोन उचलेना. त्या वर्षीचं बहिणीचं पत्र अजून आलं नव्हतं, म्हणून मावशीनं आपणहून लिहिलं: 'चूक आहे. ताबडतोब अर्ज करा. मी सगळं सांगते.'

पाकीट दोन आठवड्यांनी न फोडता परत आलं. वर पोस्टमनचा शेरा होता.

'व्यक्ती मयत.'

बहिणीशिवाय त्या जोडीदाराचं कुणीच नव्हतं.

परवा मी मावशीकडे गेलो होतो. बोलता बोलता ती मध्येच थांबली. मान जरा मागे वळवली.

"हो रे बाळा, ऐकलं मी," ती म्हणाली. "पण आता अर्ज करायला कुणी उरलं नाही."

घरात आम्ही दोघंच होतो.

तिनं काय ऐकलं, ते मी विचारलं नाही. खरं सांगतो, माझी हिंमतच झाली नाही.