उशाशी ठेवलेलं फडकं

३१ जानेवारी, संध्याकाळचे साडेसहा. मुलुंड पूर्वेला, तिसऱ्या मजल्यावर, श्रुतिकाने बाल्कनीच्या गजाला एक पांढरं सुती फडकं बांधलं. त्याआधी ते मोजलं होतं. नव्वद सेंटिमीटर. टेप गंधालीचा, कारण घरी ब्लाउज शिवणारी ती.

श्रुतिका तिची धाकटी जाऊ. चार वर्षं आयर्लंडला काढून बाळंतपणासाठी परतलेली. तिकडे या संध्याकाळी असं फडकं बाहेर ठेवतात, ती सांगत होती. रात्री संत ब्रिजिड दारावरून जाते, फडक्याला हात लावते. सकाळी ते वाढलेलं भरलं, तर बाळंतपण सुखाचं.

"सुती आहे. दवाने आटेल उलट," गंधाली म्हणाली.

"वहिनी, तुम्ही ना, सगळ्याला कात्री लावता," श्रुतिका हसली.

सासूबाई हसल्या नाहीत. त्या रांगोळीने चांदीचे वाळे घासत होत्या, येणाऱ्या बाळासाठी. वाळे इरावतीचे, गंधालीच्या आठ वर्षांच्या मुलीचे. गंधालीला कोणी विचारलं नव्हतं.

"इरा काय, आता मोठी झाली," सासूबाई म्हणाल्या. श्रुतिका येईपर्यंत हीच इरा त्यांच्या मांडीवरून उतरत नव्हती.

पहाटे पाचला गंधाली पाणी भरायला उठली. फडकं दमट होतं. तिने ते चार बोटं कापलं. सात सेंटिमीटर. कड हाताने, होती तशीच बारीक शिवली. मशीनचा आवाज झाला असता. तुकडा शिवणाच्या डब्यात टाकला, फडकं परत गजाला बांधलं.

आठ वाजता सासूबाईंनी स्वतः मोजलं.

सत्त्याण्णव.

"बघितलंत, वहिनी?"

गंधालीने टेप तपासला. टेप बरोबर होता. डब्यात तुकडा नव्हता.

दर एक तारखेला ती दाराच्या चौकटीवर इराची उंची पेन्सिलने लिहायची. जानेवारीची रेघ एकशे चोवीसवर होती. त्या सकाळी इरा चौकटीला टेकली.

एकशे सतरा.

"सरळ उभी राहा गं."

"सरळच आहे, आई."

सोसायटीतले डॉक्टर म्हणाले, आधी मोजण्यात चूक झाली असेल.

गंधालीने श्रुतिकाकडे फडकं मागून पाहिलं.

"ते उशाशी लागतं मला," श्रुतिका म्हणाली. "झोप छान लागते, वहिनी."

इराचे फ्रॉक गुडघ्याखाली आले. सासूबाई तिला पुन्हा कडेवर घेऊ लागल्या.

"हलकी झाली गं पोर," एवढंच म्हणाल्या.

एक मार्चला फडकं एकशे चार भरलं. इरा एकशे दहा.

श्रुतिकाला डॉक्टरांनी बाळंतपणाची बावीस मे ही तारीख दिली आहे. त्याआधी चौकटीवर एप्रिलची आणि मेची रेघ यायची आहे.