तिच्या उंचीची सीट

त्या सकाळी मला फक्त चष्म्याच्या काचांचं पार्सल आणायला जायचं होतं. माझं चष्म्यांचं दुकान आहे. माझी छोटी गाडी दुरुस्तीला गेलेली, म्हणून नवऱ्याच्या गाडीची किल्ली उचलली. तो रात्रपाळी करून नुकताच आला होता आणि बुटांसकट पलंगावर आडवा झाला होता. खाली आले, दार उघडलं, आत बसायला गेले आणि गुडघा खाडकन स्टिअरिंगखाली आपटला.

सीट पुढे होती. नुसती पुढे नाही, वरही उचललेली. आरसा खाली वळवलेला. माझा नवरा चांगला उंचापुरा, मीसुद्धा त्याच्या कानाला लागते. आणि गाडी तर आत्ताच घरी आणली होती त्याने. तशा सीटवर तो मावलाच नसता.

आत एक वास होता. ओल्या लोकरीचा... पावसात भिजलेला स्वेटर बंद खोलीत वाळत टाकावा, तसा. बाहेर कित्येक दिवसांत पाऊस नव्हता.

आधी या गाडीबद्दल सांगते, म्हणजे माझ्या पोटात का दुखायचं ते कळेल. बाहेरून बघाल तर चार दारांची, करड्या रंगाची, साधी सरळ दिसणारी. पण बॉनेटखाली शर्यतीत शोभेल असं इंजिन. सुरू केली की आमच्या स्वयंपाकघरातले पेले थरथरायचे. अशा गाड्या लोक कापडाखाली झाकून ठेवतात आणि सुट्टीच्या दिवशी मिरवायला काढतात. नवऱ्याने ती जुनी विकत घेतली आणि पहिल्या दिवसापासून रोजच्या कामाला जुंपली. तो हॉस्पिटलमध्ये भूलतज्ज्ञ. ऑपरेशनला जायचं तर हीच, बटाटे आणायचे तर हीच, भर उन्हात, धो धो पावसात, हाडं गोठवणाऱ्या थंडीत हीच. मी म्हणायचे, "अरे, जरा जपून वापर." तो म्हणायचा, "झाकून ठेवायला ती काय शोकेसमधली बाहुली आहे? तिला चालायला आवडतं."

तिला आवडतं म्हणे. माझा वाढदिवस विसरणारा हा माणूस तिचं ऑइल बदलायची तारीख कधी विसरला नाही. थंडीत घसरू नये म्हणून वेगळे टायर स्वतः बसवायचा, गुडघे टेकून. सिग्नलला थांबला की तिच्याशी गुणगुणायचा. मी तिला सवत म्हणायचे. थट्टेने. निदान निम्मं तरी थट्टेने.

आणि आता त्या सवतीच्या पोटात तिसरीच कोणीतरी बसून गेली होती.

"सीट कोणी हलवली?" मी परत आल्यावर त्याला हलवून विचारलं.

"कुठली सीट?"

"तुझ्या गाडीची. कोणीतरी बुटकी बाई बसली होती."

त्याने डोळे चोळले. "बटणाला धक्का लागला असेल गं," म्हणाला आणि कूस बदलली. माझ्याकडे न बघता.

मग मी पाळत ठेवायला लागले. रोज सकाळी गॅलरीत चहाचा कप घेऊन उभी. आधी तो घुमणारा आवाज यायचा, मग वळणावर करडं नाक दिसायचं. तो एकटा उतरायचा, एकटाच जिना चढायचा. काहीतरी निमित्त काढून मी खाली जायचे. रोज सीट पुढे. रोज तो वास. आणि सीटवर हात ठेवला की ऊब, पण त्याच्या एवढ्या मोठ्या अंगाची नाही. मधोमध, लहानशी, कोणीतरी पाय जवळ घेऊन बसावं एवढीच.

हॉस्पिटलमधल्या सगळ्या बुटक्या नर्सेस मी मनातल्या मनात ओळीने उभ्या केल्या. जेवण जाईना. गॅलरीतून मी स्वतः बघत होते की गाडीतून दुसरं कोणीच उतरत नाही. तरी मला भीती वाटायच्या ऐवजी राग येत होता. मत्सर माणसाला इतका आंधळा करतो, आणि मी लोकांना चष्मे विकते!

शेवटी एका धुकट सकाळी मी स्वतःच हॉस्पिटलच्या फाटकाशी जाऊन उभी राहिले. "आज मीही येणार तुझ्याबरोबर," म्हटलं. त्याचा चेहरा थकव्याने राखेसारखा झाला होता. नको म्हणाला, मग बसू दिलं.

धुकं असं, की पुढचं बॉनेटही अर्धंच दिसावं. गाडी मात्र लोण्यातून सुरी जावी तशी चालली होती. वळणं अलगद, ब्रेक हलके, गिअर कधी बदलला कळूही नये. हा इतकं छान कधी चालवायला लागला? मी कौतुकाने त्याच्याकडे वळले.

त्याचे डोळे मिटलेले होते.

मान छातीवर आलेली, तोंड किंचित उघडं. तो चक्क घोरत होता. आणि त्याचे हात... हात मात्र जागे होते. स्टिअरिंगवर हळुवार फिरत होते. डावीकडचा दिवा लागला, गाडी डावीकडे वळली.

"अरे, जागा हो!" मी किंचाळले.

तो दचकला, हात सुटले, आणि गाडी पिसाळल्यासारखी आडवी गेली. समोरून ट्रकचे दिवे आले, कानाशी भोंगा वाजला, आणि कसेबसे आम्ही रस्त्याकडेच्या मातीत जाऊन थांबलो.

"कधीपासून?" मी विचारलं.

"थंडी पडायला लागल्यापासून," तो हळूच म्हणाला. "आधी डुलकी लागायची, घाबरून जागा व्हायचो. बघतो तर गाडी आपल्या लेनमध्ये. मग... मग मी झोपायलाच लागलो. ती आणते घरी."

"ती कोण?"

तो चाकं बघायला उतरला. त्याने दार लावलं, आणि माझ्या डोळ्यांदेखत, बारीक गूं गूं करत, रिकामी सीट पुढे सरकली. मग वर आली. मग आरसा खाली झुकला... माझ्याकडे.

गाडी ज्याच्याकडून घेतली होती, त्या माणसाचा पत्ता मी शोधून काढला. दुसऱ्याच दिवशी सकाळी गेले. गावाबाहेर लहानसं घर. त्याने दार उघडलं. "गाडी माझी नव्हती," म्हणाला. "माझ्या मावशीची. ती गुरांची डॉक्टर. त्या गाडीतून चिखल तुडवत गोठ्यागोठ्यात जायची, बारा महिने. लोक हसायचे. मग पाय गेले तिचे, म्हणून मी विकली."

"त्या... गेल्या का?"

"छे! आत झोपली आहे. सकाळचं औषध घेतलं की झोपते."

आतल्या खोलीत पलंगावर एक इवलीशी बाई झोपली होती, अंगात जाड लोकरीचा स्वेटर. पांघरुणावर तिचे हात हलत होते. डावा धरून, उजवा सोडून, पुन्हा दोन्ही मिळून. भाचा ओशाळून म्हणाला, "रोज असंच. स्वप्नात गाडी चालवते."

हात थांबले. डॉक्टरबाईंनी डोळे उघडले आणि सरळ माझ्याकडे बघितलं. जराही नवल नाही.

"पोचवलं गं त्याला," त्या म्हणाल्या. "पण आज किल्ली विसरलाय घराची. दारात उभा आहे."

माझ्या पर्समध्ये फोन वाजला. नवरा होता. किल्ली विसरला होता.

मी भाच्याला पाणी आणायला पाठवलं आणि त्यांच्या उशाशी वाकले. "सोडा त्याला," म्हटलं. "माझा नवरा आहे तो."

"सोडलं तर झोपेल ना तो. काल तू होतीस की बरोबर. काय झालं, बघितलंस ना?"

मी वाकलेली सरळ झाले.

"आधी मला वाटायचं, गाडीचीच ओढ आहे," त्या छताकडे बघत म्हणाल्या. "आता वाटतं... सिग्नलला गुणगुणतो ना तो, ते ऐकायलाच झोपते मी."

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. एका अंथरुणाला खिळलेल्या म्हातारीचा मला इतका हेवा वाटत होता, की तिचा तो स्वेटर ओरबाडून काढावा! "सकाळी जाग्या राहत चला," एवढंच बोलले आणि निघून आले.

थंडी सरायच्या सुमाराला भाच्याचा फोन आला. मावशी सकाळी झोपेतच गेली होती. नवरा त्या दिवशी उशिरा आला, पांढराफटक. "आज सगळा रस्ता मीच चालवली," म्हणाला आणि पायरीवरच बसला. मला हायसं वाटलं. खोटं कशाला बोलू?

पण ते हायसं फार टिकलं नाही. गाडी विक म्हटलं, तो ऐकेना. पाळी बदल म्हटलं, बदलून मिळेना. रोज सकाळी मी दुकानात जीव मुठीत धरून बसायचे. आता झोपला असेल... आता ट्रक आला असेल...

आणि एका सकाळी दुकानाच्या मागच्या खोलीत खुर्चीवर माझाच डोळा लागला. समोर रस्ता उलगडला. स्टिअरिंगवर त्याचे हात, त्याची अंगठी. वळण आलं, मी वळवलं. ते हात माझं ऐकत होते! सिग्नलला तो झोपेतच गुणगुणला आणि मी ऐकत राहिले. त्या दिवशी सीट माझ्या उंचीला होती. तेव्हापासून रोज मीच आणते त्याला. लग्न झाल्यापासून इतका तो माझा कधीच नव्हता.

इथवर ठीक होतं. पण गेल्या काही दिवसांपासून बाजूच्या सीटवर कोणीतरी बसलेलं असतं.

डॉक्टरबाई नाहीत. ही उंच आहे, इतकी की डोकं छताला टेकून मान वाकते. तोंड खिडकीकडे. गाडीतला आरसा तिच्याकडे वळवावा म्हटलं, तर त्याचे हात तेवढं एकच माझं ऐकत नाहीत. गिअर बदलताना मात्र तो झोपेतही कोपर आकसून घेतो, तिला लागू नये म्हणून.

आज सकाळी घरापुढे गाडी थांबली. त्याच्या आधी ती उतरली. वाकून, सावकाश... आणि आमच्या जिन्याकडे गेली.

मी धडपडत जागी झाले. त्याला फोन लावला.

"पोचलास?"

"हो, आत्ताच." त्याचा आवाज झोपेत बुडालेला. मागे आमच्या बेडरूमचं दार लागल्याचा आवाज आला. आतून कडी सरकली.

"एकटाच आहेस ना?"

तो जरा थांबला. कोणाकडे तरी बघितल्यासारखा.

"ठेव ना फोन," तो म्हणाला. "झोपू दे आता आम्हाला."