जमिनीलगत कापलेल्या वेली

"ठेव तुझी दारू तुझ्यापाशीच! माझ्या पोरीच्या लग्नात नको ही!"

अनेझोने भाचीच्या लग्नासाठी पाठवलेली सुरई याकुमीने तिच्याच अंगणातल्या दगडी ओट्यावर आदळली, आणि तिच्या काळजात चर्र झाले... इतक्या वर्षांनी धाकटा भाऊ दाराशी आला, तो हे बोलायला!

आईबाबांच्या माघारी याच भावाला वाढवायचे म्हणून तिने आपले ठरलेले लग्न मोडले होते. तो मोठा होऊन पिरेयस बंदरात कामाला गेला, आणि एके दिवशी मळा हॉटेलवाल्याला विकायला निघाला. ती नाही म्हणाली, तेव्हा रागाच्या भरात त्याने बाबांच्या मावरोत्रागानोच्या, त्या काळ्या द्राक्षांच्या टोपलीसारख्या विणलेल्या वेली करवतीने कापून टाकल्या! मूठभर द्राक्षांसाठी कोणी सख्खा भाऊ तोडतं का, म्हणून गाव तिलाच हसले. मग सान्तोरिनी बेटाचा वारा आणि ती, घरात तिसरे कोणी नव्हते.

सुरईचे बूच उडाले होते. दाट, काळसर वाइनचा वास अंगणभर पसरला. याकुमी थबकला.

"हा... हा तर बाबांच्या वाइनचा वास! पण त्या वेली तर मी मारल्या होत्या, ताई!"

त्या 'ताई'ने तिचे डोळे भरून आले.

"मारल्यास कुठे रे? जमिनीलगत कापल्यास. म्हातारी वेल बाबा तशीच कापायचे ना, मुळातून नव्याने फुटावी म्हणून? वेल मारायची तर मूळ खणावं लागतं, हे इथलं शेंबडं पोरही जाणतं. वसंतात सगळ्या फुटल्या. मी एकटीनं पुन्हा विणल्या. आता हसणारेच फांद्या मागायला येतात, खालच्या मळ्यांतही लागल्यात." ती थांबली. "एकच सांग... विसरला होतास, की मुद्दाम मूळ ठेवलंस?"

या एकाच प्रश्नापाशी ती अभागिनी इतकी वर्षे एकटी बसली होती!

याकुमी सुरईशेजारी ओट्यावर बसला. "कुदळ आणली होती गं... पण बाबांनी लावलेल्या मुळाला हातच धजेना. आणि मग तुला कोणत्या तोंडानं भेटू?" तो हुंदके देऊ लागला. "चल लग्नाला, ताई. तुझ्या हातानं वाढल्याशिवाय ही वाइन कोणी तोंडाला लावायची नाही!"

"आधी दोन घास खा. गावच्या चर्चमध्ये लग्नाची घंटा व्हायला वेळ आहे."

ती त्याला हाताला धरून आत घेऊन गेली. टेबलावर दोन बशा मांडलेल्या होत्या.

"कोणी येणार होतं का गं?"

"तू," अनेझो म्हणाली. "रोज मांडते."

आणि ती त्याच्या बशीत डाळ वाढू लागली.