तांदळातलं नाव

सुचेताने फोन उचलला तेव्हा पलीकडे सुलक्षणा रडत होती. कॉव्हेंट्रीच्या कॉलेजात तिला गणिताची कायमची नोकरी मिळणार होती आणि कुणीतरी निनावी ईमेल करून माती कालवली होती: पदवी हिची नाहीच, कुणा मधुमती खांबेटेची आहे. उद्यापर्यंत पुरावा दिला नाही तर जागा दुसऱ्या उमेदवाराला, शशीला, जाणार होती.

मधुमती म्हणजे सुलक्षणाच. लग्नात सासरी नाव बदललं, पदवीवर माहेरचं राहिलं. दोन्ही नावं असलेलं मॅरेज सर्टिफिकेट नेमकं आता घरात सापडत नव्हतं.

सुचेता त्याच कॉलेजात केमिस्ट्री शिकवायची आणि संशय घ्यायला तिला कधीच कष्ट पडत नसत. तिने आधी शशीला गाठलं. भारतातलं बी.एड. इथे पात्रतेत धरू नये, म्हणून शशी स्टाफरूममध्ये भांडायची.

"मधुमती खांबेटेबद्दलचा ईमेल तू केलास?"

"बी.एड.बद्दलचं माझं म्हणणं मी प्रिन्सिपलना तोंडावर सांगितलंय. ही मधुमती कोण, मला काय माहीत?"

मानभावीपणा असेल, सुचेताला वाटलं. पण एचआरमधल्या नीनाने वेगळंच सांगितलं. ईमेल आला सोमवारी. सुलक्षणाच्या कागदांचं बंद पाकीट उघडलं मंगळवारी.

संध्याकाळी सुचेता सुलक्षणाकडे गेली. तिच्या नवऱ्याने, अवधूतने, चहा केला. फ्रिजवर लंडनमधल्या स्टॅनमोरच्या फ्लॅटची जाहिरात चिकटवलेली होती. लंडनच्या बँकेत त्याला मोठी पोस्ट मिळत होती. सर्टिफिकेटसाठी सगळं घर पालथं घातलं, आता हिने हा नाद सोडावा, असं तो समजावत होता.

"तुझी ब्रीफकेस पाहिलीस, अवधूत?"

त्याचा हात ब्रीफकेसवर गेला.

"पाकीट उघडायच्या आधी मधुमती हे नाव कॉलेजात कुणालाच ठाऊक नव्हतं," सुचेता म्हणाली. "या शहरात ते माहीत असणारा तू एकटाच. सर्टिफिकेटही घरातूनच गेलं. हिची नोकरी पक्की झाली असती तर ही कॉव्हेंट्री सोडून तुझ्याबरोबर आली नसती."

अवधूतने ब्रीफकेस जवळ ओढली. मग म्हणाला, "मी खोटं काय लिहिलं, सुचेताताई? पदवी मधुमतीचीच आहे."

सुलक्षणाचं रडणं थांबलं होतं. तिला त्याची किळस आली.

"ताटातल्या तांदळात अंगठीने नवं नाव तूच लिहिलंस, अवधूत. मला विचारलंही नव्हतंस."

त्याने ब्रीफकेस उघडून सर्टिफिकेट टेबलावर ठेवलं.

सकाळी सुलक्षणाने ते नीनाला दिलं. कॉन्ट्रॅक्टवर कुठलं नाव टाकू, नीनाने विचारलं.

"मधुमती खांबेटे," ती म्हणाली.