प्रेसशेडमधले पिवळे दिवे

त्या काळी अंबडच्या कारखान्यांत माणूस नेमणाऱ्याच्या कानामागे समदर्शक नावाचं यंत्र असावंच लागे. आधी सरकारनं सांगितलं, वेगवेगळ्या गटांतली माणसं मोजून घ्या. मग सांगितलं, मोजाल तर खबरदार! आता तिसरं परिपत्रक आलं होतं: नेमणाऱ्याला माणसामाणसांतला फरक जाणवताच कामा नये. धरलं तर चावतं अन् सोडलं तर पळतं, अशी गत.

पण हेमांगी वाघचौरे डगमगणारी नव्हती. ती कारखान्याची मनुष्यबळ प्रमुख. कर्णबधिर मुलांची प्रशिक्षण तुकडी तिनंच भांडून उभी केली होती आणि तुकडीचे उस्ताद होते तिचे वडील, नाना. जन्मापासून ऐकू न येणारे नाना प्रेसखाली पत्रा असा वळवत की बघत राहावं. प्रेस खाली येण्याआधी भोंगा वाजे आणि या तुकडीसाठी जोडीला पिवळे दिवे लागत.

"समदर्शक लावा, नाहीतर तुकडी बंद," कारखान्याच्या वकिलांनी बजावलं.

"लावते की!" हेमांगी म्हणाली. मग यंत्र बनवणाऱ्या डॉ. अश्लेषा माटेंना तिनं विचारलं, "पण हे करतं काय, मला कळेल असं सांगा."

"आपला मेंदू माणसांवर चिठ्ठ्या चिकटवतो. हा उंच, तो म्हातारा, हा बहिरा. त्यातली ती शेवटची चिठ्ठी चिकटेनाशी होते. शब्द तुम्हाला ठाऊक असेल, माणूसही दिसेल, पण शब्द त्या माणसाला लागणार नाही."

"आणि नानांशी बोलणं?"

"हातांनीच बोलाल, त्यांचे हात वाचाल. फक्त ते हात आहेत हे ध्यानात येणार नाही. आणि मॅडम, समदर्शक तीन वर्षं काढता येत नाही."

"मग बिघडलं कुठे? बापाला बहिरा म्हणून मी कधी वागवलंय? लावा हो!"

खोटं कशाला बोला, यंत्र झकास चाललं. तपासणी अधिकाऱ्यांनी पाठ थोपटली, तुकडी वाचली. मग एक दिवस दिव्यांच्या दुरुस्तीचा विषय निघाला. हे दिवे कुणासाठी, हेमांगीला आठवेना. एवढा मोठा भोंगा असताना दिवे कशाला? शिवाय एकाच गटाला वेगळी सोय म्हणजे नियमभंग. तिनं ते काढायला लावले.

दुसऱ्याच दिवशी ती माटेंना शेड दाखवत होती. भोंगा वाजला. तुकडीची मुलं अजून आली नव्हती; बाकीचे कामगार मागे सरले. नाना मात्र वाकून पत्रा सरळ करत होते.

"नाना!" ती किंचाळली. "ऐकू येत नाही का?"

माटेंनी धावत जाऊन त्यांना खेचलं. प्रेस धाडकन खाली आली. हेमांगीला रडूही आलं आणि रागही. बापावर ती जन्मात पहिल्यांदा ओरडली होती.

नानांनी हातांनी विचारलं, "पोरी, दिवा कुठे गेला?"

"भोंगा वाजला ना एवढा!"

"मॅडम, त्यांना ऐकू येत नाही!" माटे म्हणाल्या.

"काहीतरीच काय! आत्ता तर बोलले माझ्याशी."

दुपारी चौथं परिपत्रक आलं: कर्णबधिर कामगार मोजा, त्यांना दिवे द्या. हेमांगीला मनापासून आनंद झाला. तिचे डोळे अजून ओले होते. ती तडक शेडमध्ये गेली.

"नाना, दिवे परत लावता येतील! फक्त सांगा, तुमच्या तुकडीत कुणी कर्णबधिर आहे का हो?" हे तिनं विचारलं, हातांनीच.

नानांनी आपल्या छातीवर बोट ठेवलं.

"तुम्ही नाही हो," ती हसून म्हणाली, "दुसरं कुणी?"