वहिनी, रेस कोण देतंय?

यात रंगवून सांगण्यासारखं काही नाही. माझ्या मावशीच्या बाबतीत जे घडलं, तेच लिहितेय.

मागच्या वर्षीचा पावसाळा. मंगळवार, दुपारचे चार. आभाळ इतकं भरलेलं की दिवे लावावे लागत होते.

मावशी नर्स आहे. सकाळपाळी उरकून एकटीच गाडीनं घरी निघाली होती. रेल्वेपुलाखाली पाणी साचलेलं, मागे गाड्यांची रांग. वळायला जागा नाही. तिनं मन घट्ट केलं आणि गाडी पाण्यात घातली.

पलीकडे निघाली खरी, पण इंजिन आचके द्यायला लागलं. कशीबशी तिनं ती एका बंद गोदामापुढे आणली आणि भिंतीकडे तोंड करून उभी केली. हँडब्रेक ओढला. गाडी न्यूट्रलला टाकली.

मग दिरांना फोन लावला. त्यांचं गॅरेज आहे.

"भाऊजी, रेल्वेपुलापलीकडे त्या बंद गोदामापाशी आहे. गाडी मिसिंग मारतेय."

"पाण्यात घातलीत ना? प्लगच्या वायरी भिजल्या असतील. घाबरू नका वहिनी. इंजिन बंद करा, बॉनेट उघडा. एकेक वायर काढून पुसा आणि लगेच बसवा. चारही एकदम काढाल तर अदलाबदल होऊन भलतीच पंचाईत."

तिनं कोरड्या रुमालानं सगळं पुसलं. गाडी चालू केली.

थरथर तशीच.

"आता पुढे जाऊन बघा. एखाद्या वायरीवर निळी ठिणगी उडते का?"

फोन स्पीकरवर टाकून तिनं बॉनेटखाली कडेला ठेवला. भिंत आणि गाडी यांच्यामध्ये उभी राहून वाकली.

तिसरी वायर... बारीक, निळी ठिणगी.

तेवढ्यात इंजिनचा आवाज चढला.

मग उतरला.

"हां, अशीच," फोनमधून दीर म्हणाले. "अजून थोडी रेस द्या."

आवाज पुन्हा चढला.

"भाऊजी, दिसली. तिसऱ्या वायरीवर आहे."

पलीकडे हातातला पाना खाली ठेवल्याचा आवाज आला.

"वहिनी, तुम्ही कुठे आहात?"

"कुठे म्हणजे? बॉनेटपाशी. तुम्हीच पाठवलंत ना!"

"मग रेस कोण देतंय?"

मावशीनं बॉनेटच्या कडेनं डोकावलं.

सीट रिकामी होती.

पण समोरची काच आतून धुरकटलेली... फक्त ड्रायव्हरच्या बाजूनं. कुणी अगदी जवळून श्वास सोडावा तशी.

"अहो, गाडीत कुणीच नाहीये."

"असं कसं? आत्ताच विचारलं ना... 'अजून देऊ का, भाऊजी?' मला वाटलं, तुम्हीच."

मावशीनं असं काही विचारलं नव्हतं.

ऐकलंही नव्हतं.

"वहिनी, बाजूला व्हा! आधी बाजूला व्हा!"

तिनं अंग झोकून दिलं. पाठीमागे इंजिन किंचाळलं आणि गाडी भिंतीवर आदळली. मावशी जिथे उभी होती, नेमक्या त्याच जागेवर. मध्ये बोटभरही फट उरली नाही. फोनचा चुरा झाला.

वीस मिनिटांत दीर पोहोचले. मावशी रस्त्याच्या कडेला चिखलात बसली होती. कोपर सोलवटलेलं.

हँडब्रेक वर होता. गिअर न्यूट्रलमध्ये.

आणि इंजिन चालूच होतं... अगदी सुरळीत. एकही आचका नाही.

दिरांनी गाडी खोलून पाहिली. दोन वेळा. ना केबल अडकलेली, ना पेडल. त्यांच्यासारख्या मुरलेल्या मेकॅनिकला काहीच सापडलं नाही.

त्यानंतर ते फोनवर कुणाला दुरुस्ती सांगत नाहीत. गाडी इथे आणा म्हणतात, आणि फोन ठेवतात.

मी खूप खोदून विचारलं, तेव्हा एकदाच बोलले. गाडी आदळल्यावर फोन फुटला, पण त्यांच्या कानाशी लाइन चालूच होती. ते "वहिनी, वहिनी" म्हणून ओरडत होते.

पलीकडून मावशीच्याच आवाजात, अगदी हळू, एकच शब्द आला...

"हुकली."

मावशी अजूनही त्याच पुलाखालून ड्युटीला जाते.

तिला हे आम्ही सांगितलेलं नाही.