अलॉय चाकांची थरथर

वहिनींच्या दारावर पाटी होती : खाजगी तपास. बेल एकदाच वाजवावी.

त्या सकाळी बेल तीनदा वाजली, तेव्हाच भाऊजींनी ओळखलं की येणारा माणूस अडचणीत आहे. वहिनी म्हणाल्या, अडचणीत नसलेला इथं कशाला तडमडेल, आणि तुम्ही दार उघडायचं सोडून विचार कसला करताय.

भाऊजी म्हणजे वहिनींचे धाकटे दीर. पोस्टातून निवृत्त झाल्यापासून तपासात मदत करायचे. निदान त्यांचा तसा समज होता.

दारात चाकवाली उभी होती. गाडीच्या चाकांचं दुकान तिनं नुकतंच टाकलेलं. पहिलं मोठं गिऱ्हाईक मिळालं ते कोपऱ्यावरचा दातांचा डॉक्टर. त्यानं गाडीची मूळची लोखंडी चाकं उतरवून अलॉयची चकचकीत चाकं चढवून घेतली. सुरुवातीला गाडी लोण्यासारखी पळाली. मग एकाएकी वेग धरला की स्टिअरिंग थरथरायला लागलं.

"आता तो प्रत्येक पेशंटला सांगतो, हिनं चुकीच्या मापाची चाकं गळ्यात मारली," चाकवाली म्हणाली.

"पेशंट काय म्हणतात?" भाऊजींनी विचारलं.

"तोंड उघडं, त्यात डॉक्टरचा हात. काय म्हणणार?" वहिनी म्हणाल्या. "ऐकून घेतात आणि घरी जाऊन चघळतात."

खरंच तसं झालं होतं. दुकानात कुणी फिरकत नव्हतं. आज संध्याकाळी डॉक्टर ती चाकं आणून दुकानासमोर भर रस्त्यात टाकणार होता. तसं झालं, की शटर खाली ओढायचं आणि बाबांच्या घरी जाऊन बसायचं, एवढंच तिच्या हातात उरत होतं.

वहिनींनी तिला खोदून खोदून विचारलं. चाक निवडताना काय काय बघतात? तिनं भरभर सांगितलं. नटांच्या भोकांचं वर्तुळ जुळलं पाहिजे. चाक किती आत आणि किती बाहेर बसतं ते बघायचं, नाहीतर वळताना टायर घासतो. टायरची उंची मूळच्या चाकाएवढी राहिली पाहिजे. हे सगळं तिनं मोजून घेतलं होतं. मग तिनं पर्समधून बांगडीएवढी काळी प्लॅस्टिकची रिंग काढली.

"बाहेरच्या चाकाचं मधलं भोक मोठं असतं, काकू. चाक ज्यावर चढतं तो गाडीचा हब त्यात सैल पडतो. म्हणून मध्ये ही रिंग. चाक नुसतं अडकवायचं नसतं, बसवायचं असतं. मी चारी बसवल्या होत्या."

"मग गाडी परत तपासली का नाहीस?"

"हात लावू देत नाही. दुसऱ्या दुकानात चाकं उतरवून मशीनवर तोल बघितला म्हणे. तोल चोख निघाला. म्हणून मापच चुकलं असं त्याचं म्हणणं."

"उतरवल्यावर शहाणी आणि चढवल्यावर खुळी," वहिनी पुटपुटल्या. "चला भाऊजी."

डॉक्टर जेवायला घरी आला होता. दाराच्या चौकटीला डोकं लागेल एवढा उंच, आणि रागानं आणखी ताठलेला. दवाखाना जवळच असल्यानं तो चालत जायचा, गाडी फक्त संध्याकाळी काढायचा. गाडीला दुसरं कुणी हात लावत नाही, हे त्यानं दोनदा बजावलं. वर म्हणाला, या चाकांच्या पायी सगळी गाडीच बिघडली, परवा बसायला गेलो तर गुडघे स्टिअरिंगवर आपटले.

चाकांमुळे सीट सरकते का, हे भाऊजींना विचारायचं होतं. वहिनींनी नुसतं बघितलं आणि त्यांनी प्रश्न गिळला.

मग डॉक्टरचे वडील. आरामखुर्चीत, कमरेमागं उशी. वाकताच येत नाही हो, चपलासुद्धा हिलाच पुढं सरकवाव्या लागतात, असं म्हणत त्यांनी बिस्किटाकडं हात नेला. नखांत काळं साचलेलं होतं. वहिनींनी विचारलं तेव्हा म्हणाले, बुटाचं पॉलिश.

आई बुटकी, गोल आणि हसरी. मुलाच्या कोपरापर्यंत जेमतेम पोचायची. "मला बाई गाडीतलं ओ का ठो कळत नाही," ती म्हणाली. "पण चढावर हा अर्धा क्लच धरतच नाही. गाडी मागं घसरणारच."

खिडकीत गोल बुडाची चार काचेची भांडी होती. त्यांत वेली वाढवलेल्या. एकही कलत नव्हतं, प्रत्येकाखाली काळी बैठक होती. भाऊजींनी मनापासून तारीफ केली. आई लाजली. म्हणाली, मी काही टाकून देत नाही.

शेवटी वहिनींनी जिन्याखालची अडगळ उघडायला लावली. ट्रंकांवर बोटभर धूळ. पण जुन्या लोखंडी चाकांवर ओली माती होती, आणि कडेला पांढरा ताजा ओरखडा.

वहिनींनी सगळ्यांना बाहेरच्या खोलीत बसवलं. चाकवालीलाही बोलावून घेतलं.

"चाकाचं माप बरोबर आहे," त्या म्हणाल्या. "मशीनवर चोख फिरणारं चाक गाडीवर थरथरतं, म्हणजे खोट चाकात नाही, बसण्यात आहे. कुणीतरी ही चाकं उतरवून परत चढवली. मध्ये जुनी चाकं रस्त्यावर धावली, नाहीतर त्यांना ओली माती कुठली? ओरखडाही फुटपाथच्या पांढऱ्या कडेचा आहे. नवशिक्याचाच असणार."

डॉक्टर तोंड उघडून बसला.

"सीट पुढं ओढली ती ठेंगण्या माणसानं. आणि ज्यांना वाकता येत नाही, त्यांना बुटाचं पॉलिश कशाला लागतं? हे नटाचं वंगण आहे." वहिनी खिडकीपाशी गेल्या. एक भांडं उचललं, खालची रिंग काढली आणि चाकवालीच्या रिंगवर ठेवली. केसाचाही फरक नव्हता. "अर्ध्या क्लचचं ज्ञान कुठून आलं, ते आता आईच सांगतील."

आईनं पदराचं टोक बोटाला गुंडाळलं. मग गुंडाळी सोडून ताठ बसली.

"तू मागं हसला होतास," ती मुलाला म्हणाली. "आई, तुला टीव्हीचा रिमोट धरता येत नाही, गाडी काय धरणार, असं म्हणालास. म्हणून दुपारी शिकत होते. तुझ्या नव्या चाकांना ओरखडा नको, म्हणून हे रोज जुनी चढवायचे."

"त्या रिंगांमुळे जुनं चाक बसेना," वडील म्हणाले. "मला वाटलं, पॅकिंग असेल. काढून टाकल्या." मग त्यांनी उशी बाजूला सारली. "कंबर ठणठणीत आहे. पण दुखते म्हणालो नसतो तर दळण आणायला धाडलं असतं हिनं."

भाऊजींना हसू आवरेना. त्यांच्या पाठोपाठ चाकवाली हसली, आणि सगळ्यात शेवटी डॉक्टर. त्याला उशीर लागला, पण हसला तो पोटातून.

अंगणातच चाकवालीनं चारी रिंगा पुसून जागेवर बसवल्या, नट आळीपाळीनं आवळले. भांड्यांखाली ठेवायला दुसऱ्या चार टाकाऊ रिंगा देते म्हणाली. डॉक्टरनं तिची माफी मागितली.

"माफी दवाखान्यात मागा," वहिनी म्हणाल्या. "पेशंटचं तोंड उघडं असतानाच."

तो मान डोलवून किल्ली घ्यायला वळला. किल्ली आईच्या हातात होती. लायसन्सची परीक्षा कालच पास झाले, ती म्हणाली, वाढदिवसाला सांगणार होते तुला.

डॉक्टरनं पलीकडचं दार उघडलं, गुडघे दुमडून बसला आणि पट्टा लावला. मोकळ्या रस्त्यावर काटा ऐंशीच्या पुढं गेला. स्टिअरिंग शांत होतं. थरथरत होता तो फक्त डॉक्टर.

"आई, जरा हळू."

"पुढं चढ येतोय. अर्धा क्लच कसा धरतात, बघून ठेव," आई म्हणाली.